सहा दिवसांत दोन वर्षांची

लोंगजिंग,
१३ नोव्हेंबर २०११

चि. मिरान हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. धाकट्या योंगरानच्या सोयरिकीच्या जेवणाचा फोटो पोचला. माझे कान आता पुरते गेल्यामुळे फोन हे माझ्या दृष्टीने केवळ थरथरणारे यंत्र उरले आहे. तेव्हा कागदावर लिहिण्याचा तुझा त्रास माझ्या हयातीत टळणार नाही.

फोटो पाहून मला एक कोडे पडले. तुझ्याही नजरेतून ते सुटले नसेल. परदेशी जाऊन स्थिरावलेल्या कुठल्याही कुटुंबाचा फोटो घे. सगळी एका आईची लेकरे, एका भांड्यातला भात खाऊन वाढलेली. पण त्यांत एक जण असा असतोच, जो त्या घरी दोन तासांसाठी आल्यासारखा दिसतो. तो कडेला उभा असतो, पिशवी हातात असते आणि कोट अंगात असतो. एका फोटोवरून नियम मांडू नये, हे मीच तुम्हाला शिकवले. म्हणून गल्लीतल्या अकरा घरी जाऊन मी फोटो मागितले; कोणी सोलला, कोणी ओसाकाला, कोणी चिंगदाओला गेलेले. अकरापैकी नऊ फोटोंत कोटवाला सापडला. उरलेल्या दोहोंपैकी एक उन्हाळ्यातला होता, म्हणून बाद. थंडी हे कारण मानावे, तर शेजारचे बिनकोटाचे कसे? म्हणजे कारण हवामानात नाही, कुटुंबात आहे. ते शोधून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आपल्या फोटोत योंगरान मध्यभागी बसली आहे, तिच्याशेजारी तुमच्या सावत्र वडिलांची बहीण. आणि तू टोकाला, गळ्यापर्यंत बटणे लावलेल्या तपकिरी कोटात.

लग्नाच्या आरंभी दोन्ही आया पुढे होऊन मेणबत्त्या लावतात, अशी तिकडची पद्धत आहे ना? तुमची आई जाऊन दोन वर्षे झाली. त्यामुळे मुलीकडची मेणबत्ती तू लावणार, हे मी गृहीत धरतो. शेजारच्या म्हाताऱ्या मेणबत्ती लावणारीचे आणि नवरीचे, बारा प्राण्यांच्या चक्रातले, साल जुळते का, हे विचारून माझे डोके खातात. मी पदार्थविज्ञानाचा मास्तर. मला हसू येते. पण त्यांच्या चुलीवरचे सार मी खातो, तेव्हा उत्तर द्यावे लागेल.

तुझ्यासाठी नासपत्यांची पेटी पाठवली आहे. कळावे. लोभ आहेच, तो पत्राच्या लांबीत दिसू द्यावा.

तुझा मामा,
ग्वांगसोप

———

सोल,
२७ नोव्हेंबर २०११

ती. मामांस मिरानचा सा. नमस्कार.

वि. वि. नासपत्या पोचल्या. दोन डागाळल्या होत्या, त्या मी खाल्ल्या. चांगल्या योंगरानकडे पाठवल्या. लोकांच्या घरी जाऊन फोटो तपासणारा मामा गल्लीत एकच, त्यामुळे उद्या कोणी पोलिसात गेलं तर पत्ता शोधावा लागणार नाही.

तुमच्या कोड्याचं उत्तर सोपं आहे. इस्पितळातल्या ड्यूटीवरून मी थेट जेवणाला गेले होते आणि कोटाखाली आजाऱ्यांच्या सोबतिणीचा गुलाबी गणवेश होता. तो दिसू नये म्हणून बटणं लावली. आता तुमचा नियम एका फोटोने तरी कमी झाला.

मेणबत्ती आत्याबाई लावणार आहेत. योंगरानने मला फार चांगल्या शब्दांत विचारलं, तुम्ही तिला रागावू नका. नवऱ्या मुलाला, थेजूनला, आपलं सगळं ठाऊक आहे. त्याच्या आईवडिलांना मात्र आपण चीनमधले, लोंगजिंगचे हे सांगितलेलं नाही. योंगरानच्या बोलण्यावरून कुणाला संशय येणार नाही. मी तोंड उघडलं की तिसऱ्या शब्दाला आपला डोंगर-नदी सगळं बाहेर येतं. म्हणून त्या जेवणात माझा घसा बसला आहे असं ठरलं होतं. दोन तास मी नुसतं बार्लीचं पाणी पीत मान हलवली. थेजूनच्या आईला माझी एवढी कीव आली, की निघताना लिंबाच्या मुरंब्याची बरणी हातात देऊन म्हणाल्या, कोमट पाण्यातून रोज घ्या, असा घसा अंगावर काढू नये. एवढी चांगली बाई, आणि मी तिच्याशी खोटं बोलले. तेही एक शब्द न बोलता.

माझ्याकडे सध्या एक आजी आहेत. त्या रोज मला म्हणतात, चीनची असून तू आमची भाषा किती छान बोलतेस गं! मी म्हणते, आजी, माझ्या आजीचीही हीच होती. मग त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच कौतुक करतात.

मी तिसऱ्या रांगेत बसेन. तिथूनही मेणबत्ती दिसते. आणि पाकिटावर योंगरान लिहू नका, युनसो लिहा. आता सहा वर्षं झाली नाव बदलून. तुम्ही आम्हा दोघींच्या नावांत 'रान' म्हणजे ऑर्किड ठेवलंत, एका फुलाच्या दोन पाकळ्या म्हणून. एक गळली तर फूल रागावत नाही.

मोजे घालून झोपत जा. लोभ एवढा ठेवा, की पुढच्या पत्रात प्रश्न कमी असतील.

तुमची,
मिरान

———

सोल,
२० डिसेंबर २०११

ती. मामांना सा. न.

वि. वि. तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, क्रमांक घातलेली प्रश्नपत्रिकाच! सातही प्रश्नांना उत्तरं देते. सोडून दिलेल्या प्रश्नाचे गुण तुम्ही कापता, हे ताईने मला लहानपणीच सांगितलं आहे.

मामा, तुम्ही मला दुष्ट बहीण ठरवून मोकळे झाला आहात. तेरा वर्षांची असताना मी इथल्या शाळेत आले. पहिल्या दिवशी उभं राहून नाव सांगितलं आणि सबंध वर्ग हसला. पुढची दोन वर्षं रोज शाळेतून आल्यावर आरशासमोर बसून मी माझ्या बोलण्याचा हेल घासून काढला, भांड्याचं करपलेलं बूड घासावं तसा. ते मी कुणासाठी वाया घालवू? थेजूनची आई स्वभावाने चांगली आहे. पण बातम्यांत चीनहून आलेल्यांबद्दल काही आलं, की ती आवाज मोठा करते आणि जीभ चुकचुकवते. लग्न होऊ दे, वर्षभरात मी स्वतः सांगेन.

आणि ताईला कुणी अडवलं नव्हतं. नव्व्याण्णव साली, इथे दुसरं लग्न करून नागरिक झालेल्या आईने आम्हा दोघींना आपल्या नावाखाली घेण्याचा अर्ज केला. ताईनेच सांगितलं, मी लोंगजिंगला मामांजवळ राहणार, मला तिकडे करमायचं नाही. विमानतळावर मी हुंदके देत होते आणि ती हसत होती. पाच वर्षांनी ती आपल्या मर्जीने कामाच्या व्हिसावर आली. तिने एक रस्ता निवडला, मी दुसरा. दोघींच्या रस्त्यांत फरक पडला, तर त्यात माझा गुन्हा कोणता?

शेवटचा प्रश्न साल जुळण्याचा. मी वाघाच्या सालची. ताईच्या ओळखपत्रावर १९७८ आहे, म्हणजे तिचं घोड्याचं. वाघाचं आणि घोड्याचं उत्तम जुळतं, म्हाताऱ्यांना कळवा. तरीही मेणबत्ती आत्याच लावणार.

रागावला असाल तर लोभ थोडे दिवस उधार ठेवा, लग्नानंतर घेईन.

आपली,
युनसो (तुमच्या पाकिटांपुरती योंगरान)

———

लोंगजिंग,
२ जानेवारी २०१२

चि. मिरान हिस आशीर्वाद. या वेळी ते देण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे तू पत्र वाचून ठरव.

वि. वि. तुझे साल घोड्याचे, असे योंगरान लिहिते. मी पत्र खाली ठेवले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. घोडा शक्य नाही. तू शेळीच्या सालात जन्मलीस, हे मला माझ्या नावाइतके पक्के ठाऊक आहे. कारण ते साल संपायला सहाच दिवस उरले होते. आपल्याकडे मूल जन्मताच एक वर्षाचे होते आणि नवे साल लागले की दोनाचे. नववर्षाच्या सकाळी तुझ्या आजीने तुला दुपट्यातून बाहेर काढून साऱ्या गल्लीला दाखवले आणि जाहीर केले, की आमची नात दोन वर्षांची झाली, आता तिला कामाला लावते. सर्वांत मोठ्याने मीच हसलो होतो. पुढे मी हे उदाहरण दरवर्षी वर्गात देत असे. मोजणी शून्यापासून आहे की एकापासून, हे विचारल्याशिवाय वजाबाकी करू नका, असे बजावून सांगत असे.

आता क्रमाने मांडतो.

१९८६च्या हिवाळ्यात ओळखपत्रांसाठी सगळ्यांची नोंद नव्याने झाली. गल्लीतला शिकलेला म्हणून बेचाळीस घरांचे अर्ज मी भरले. योंगरान दवाखान्यात जन्मली होती. तिच्या चिठ्ठीवरून तारीख उतरवली, ती अचूक आली. तू घरी जन्मलीस, चिठ्ठी नव्हती. मी तुझ्या आईला विचारले, पोरीचे वय काय? ती म्हणाली, आठ. मी शहाऐंशीतून आठ वजा केले आणि १९७८ लिहिले. वर आपल्या चांद्र पंचांगातला बारावा महिना आणि चोविसावा दिवस तसाच उतरवला: २४ डिसेंबर. खरी तारीख येते १० फेब्रुवारी १९८०. म्हणजे मी तुला एक वर्ष आणि सुमारे दीड महिन्याने मोठी केली.

नव्व्याण्णवच्या वसंतात तुमच्या आईने अर्ज केला. वीस पूर्ण न झालेल्या मुलांनाच आईच्या नावाखाली घेता येत होते. तू एकोणीस वर्षांची होतीस. कागदावर मात्र विशी ओलांडलेली.

कोड्याचे उत्तर मिळाले, मिरान. कारण हवामानात नव्हते आणि गणवेशातही नव्हते. तो कोट तुझ्या अंगात मी घातला.

नोंदणी कचेरीत जाऊन मी लेखी जबानी दिली आहे. पंचवीस वर्षांनंतर तिचा उपयोग होईल की नाही, हे कारकुनालाही सांगता आले नाही. योंगरानलाही हे सर्व आजच लिहून पाठवत आहे. लोभाविषयी काही लिहीत नाही.

ग्वांगसोप

———

सोल,
१२ जानेवारी २०१२

ती. मामांस सा. नमस्कार.

वि. वि. तुमचं गणित बरोबर आहे. मी ते नव्व्याण्णव सालीच सोडवलं होतं.

कचेरीतून अर्ज परत आला तेव्हा आईने तिकडून फोन केला. आम्ही दोघींनी बोटं मोजली आणि चूक कुठे झाली ते दहा मिनिटांत सापडलं. दुरुस्तीसाठी अर्ज भरणाऱ्याने चूक कबूल करायला हवी होती. त्या वर्षी तुम्ही मुख्याध्यापक होणार होता. बेचाळीस घरांचे कागद खोटे भरले असा बोभाटा झाला असता, तर शाळा कसली, गल्लीतही मान वर करता आली नसती. आई म्हणाली, तुझे बाबा गेल्यावर ज्याने आपल्याला जेवू घातलं त्याला मी हे करणार नाही; तू सांग की तुलाच यायचं नाही. म्हणून मी तसं सांगितलं. योंगरानलाही, तुम्हालाही. विमानतळावर हसले, कारण रडले असते तर तुम्ही कारण विचारलं असतं आणि उत्तर मिळेपर्यंत सोडलं नसतं.

मी फार मनाची मोठी, असं समजू नका. मी आईचं ऐकलं, तुम्हाला माफ केलं नव्हतं. पुढची पाच वर्षं तुमच्या अंगणात रोज संध्याकाळी तुम्ही मला ताऱ्यांची अंतरं समजावून सांगत होता. मी भाजी निवडत मनात म्हणत असे, एवढं लांबचं मोजणाऱ्याला समोरच्या पोरीचं वय मोजता येऊ नये! इथे आल्यावर हळूहळू तो राग कामात जिरला. शिल्लक आहे का ते मी तपासलेलं नाही. तुम्हीही तपासू नका.

पण योंगरानला लिहिलंत, ते चुकलं. आता ती रडत येईल आणि मेणबत्ती माझ्या हातात देईल. मामा, मला ती लावायची होती. फोटो पाठवला त्या दिवशीही लावायची होती. पण भरपाई म्हणून मिळालेली मेणबत्ती मी घेणार नाही. तिचा उजेड माझ्या तोंडावर पडेल आणि सगळे म्हणतील, बिचारी.

तुम्ही जेवत नाही, असं शेजारच्या म्हातारीने माझ्या मैत्रिणीजवळ फोनवर सांगितलं. जेवा. लोभ आहे म्हणूनच एवढं खरं लिहिलं.

मिरान

———

सोल,
१२ फेब्रुवारी २०१२

ती. मामा, सा. न.

वि. वि. तुमचं पत्र आलं तेव्हा मी आधी तुमच्यावर चिडले, मग आईवर, मग ताईवर. माझ्याशी खोटं बोलून माझ्यावर उपकार करायचा अधिकार तिला कुणी दिला? चार दिवस कुणाशीच बोलले नाही. पाचव्या दिवशी तुमच्या पत्रातल्या १० फेब्रुवारी या तारखेवर बोट ठेवून बसले. माझ्या वाढदिवसाला ताई दरवर्षी पहाटे शेवाळाचं सूप करून डबा पाठवते. तिच्या वाढदिवसाला मी काय करते? काही नाही. कारण तो कधी असतो हेच मला ठाऊक नव्हतं. विचारलं की ती म्हणायची, तीन तारखा आहेत, कोणती धरशील, जाऊ दे. आणि मी जाऊ दिलं.

त्यानंतर मी एकटी थेजूनच्या आईकडे गेले. लोंगजिंग सांगितलं, ताईचा घसा सांगितला, सगळं. सांगायचं आपल्या बोलीत ठरवलं होतं. पण मामा, ती मला नीट येईना. अर्धी सोलची, अर्धी आपली, अशी खिचडी झाली आणि तेव्हाच मला रडू आलं. त्यांनी माझ्यापुढे रुमाल सरकवला. मग म्हणाल्या, म्हणजे तो घसा ठणठणीत होता? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, तर मग माझी मुरंब्याची बरणी परत करायला सांग. आणि तिनेच आणून द्यावी. राग होता की थट्टा, मला अजून कळलेलं नाही. लग्न मोडलेलं नाही, एवढं खरं.

परवा, दहा तारखेला, ताईच्या खोलीवर जाऊन मी सूप केलं. सुकं शेवाळ सबंध पाकीट घातलं. पाण्यात पडल्यावर ते किती फुगतं, हे कुणी सांगायचं नाही का? पातेलं भरलं, दुसरं भरलं, मग कपडे धुण्याची बादली. ताई ड्यूटीवरून आली आणि दारातच मटकन बसून हसायला लागली. म्हणाली, बत्तीस वर्षांचं एकदम करून ठेवलंस वाटतं! आम्हा दोघींना मिळूनही ते संपलं नाही.

मेणबत्तीचं विचारलं, तर आधी तिने साफ नाही म्हटलं; भरपाई नको म्हणाली. मी सांगितलं, भरपाई नाही. आत्याला मी काल नको म्हणून आले आहे, थेजूनच्या आईला सगळं सांगून आले आहे. तू नाही म्हणालीस तर मुलीकडची मेणबत्ती विझलेलीच राहील, मग बस तिसऱ्या रांगेत ती बघत. ती कितीतरी वेळ चमच्याने शेवाळ ढवळत राहिली. मग म्हणाली, बरणी द्यायला तसंही पुढे जावं लागेलच.

लोभ उधार ठेवला होता ना, तो आता मागते आहे.

तुमची,
योंगरान

———

सोल,
२० फेब्रुवारी २०१२

ती. मामांस सा. नमस्कार.

वि. वि. शनिवारी लग्न पार पडलं. तुम्ही क्रमाने विचाराल, म्हणून क्रमानेच सांगते.

मी आपला सणाचा पोशाख, निळा हानबोक घातला होता. कोट हॉलमध्ये नेणारच होते, पण योंगरानने दारातच तो माझ्या अंगातून काढून थेजूनच्या गाडीत टाकला आणि किल्ली त्याच्याकडे दिली. मला थंडी वाजते म्हटलं, तर म्हणाली, वाजू दे.

नाव पुकारल्यावर मी आणि थेजूनच्या आई बरोबरीने चालत गेलो. माझी वात पेटेना. त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, घाई नाही, माझीही लेकीच्या लग्नात पेटली नव्हती. मी म्हटलं, उपकार झाले. आपल्या हेलात, मामा, पहिल्या रांगेला ऐकू जाईल असं. दोघीतिघींनी माना वळवल्या. छत जागेवर राहिलं. वात पेटली.

आत्याबाई जेवल्याशिवाय गेल्या. थेजूनच्या एका काकूने मला कोणत्या एजंटकडून आलीस असं विचारलं. बरणी मी परत केली, धुऊन आणि नासपतीचा मुरंबा भरून. थेजूनच्या आईंनी झाकण उघडून वास घेतला आणि साखर जास्त झाली म्हणाल्या. मला वाटतं आमचं जमेल. नाही तर न जमण्याची निदान सुरुवात तरी खरी झाली.

इथल्या कचेरीत तुम्ही पाठवलेली जबानीची प्रत दाखवली. त्यांनी शिक्का मारून ठेवून घेतली. व्हिसा आहे तसाच आहे, पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत उभी राहीन. फोटो सोबत आहे. कोट शोधू नका, सापडणार नाही.

लोभ मोजत बसू नका. मोजण्यात तुमचा हात कसा आहे ते आपण पाहिलं.

तुमची,
मिरान

———

लोंगजिंग,
२९ फेब्रुवारी २०१२

चि. योंगरान हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोटो भिंतीवर लावला आहे. शेजारच्या म्हाताऱ्यांना तुम्हा दोघींची खरी साले सांगितली. वाघिणीच्या लग्नात शेळीने दिवा लावला, असे म्हणून त्या दोन दिवस हसत आहेत. मी आता जेवतो.

माझा नियम मात्र मला दुरुस्त करावा लागला. मी कोट पाहत होतो. तो काढता येतो, म्हणून ती खूण कच्ची. जो आधी आला, जो उशिरा आला, ज्याला चिठ्ठी मिळाली, ज्याला मिळाली नाही, यांतून एका घरात दोन देश तयार होतात. दोघेही एकाच ताटात जेवत असल्यामुळे मधली सीमा कोणाला दिसत नाही. तिथला नागरिक तर ती कधीच पाहत नाही. त्याला तो घरचा साधा उंबरठाच वाटतो. बेचाळीस घरांतल्या आणखी किती पोरांना मी असे मोठे करून ठेवले, ते शोधायला उद्यापासून वही घेऊन निघतो आहे.

त्यासाठी एक पारख सापडली आहे, आणि ती तुझ्या पत्रातूनच मिळाली. तिला ना उपकरण लागते, ना शिक्षण. तू नव्या घरी गेली आहेस; उद्या तुमच्याकडेही कोणी दुरून येईल, कोणी मागे राहील. तेव्हा सगळे जेवायला बसले, की प्रत्येकाला एक कागद दे आणि इतर सर्वांचे वाढदिवस लिहायला सांग. मग कागद गोळा करून शेजारी शेजारी मांड. कोणाच्या नावापुढची जागा सगळ्यांनीच कोरी सोडली आहे, ते पाहा.

तुझा मामा,
ग्वांगसोप